वृक्षवलये आणि गतकाळाचे तापमान : एका पुनर्रचनेची चिकित्सा

मराठीत 'होता' आणि 'असावा' ह्या दोन क्रियारूपांतील अंतर शाळेतील व्याकरणाच्या पुस्तकातही सांगितलेले असते. 'काल खेडास पाऊस होता' असे म्हणणारा मनुष्य पाऊस पाहून बोलतो, निदान पाहिलेल्याचे ऐकून बोलतो. 'काल खेडास पाऊस असावा' असे म्हणणारा जगबुडीचे गढूळ पाणी पाहून तर्क करतो. दोघांचेही म्हणणे खरे ठरेल. किंबहुना दुसऱ्याचेच अधिक खरे ठरण्याचाही संभव आहे. परंतु दोघांच्या ज्ञानाचे साधन निराळे आहे, आणि ते निराळे आहे हे आपली भाषा क्रियापदाच्या रूपातूनच श्रोत्याला कळवून देते. ही सोय पुष्कळ भाषांना इतक्या सहज लाभलेली नाही. असे असता झाडाच्या वलयांवरून गतकाळच्या तापमानाचा अदमास करणाऱ्या संशोधनाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात मूळ निबंधांतील 'असावे' बहुधा वाटेतच गळून पडते आणि वाचकाच्या हाती केवळ 'होते' उरते. प्रस्तुत लेख ह्या गळतीविषयी आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने हवामानशास्त्रात लुडबुड का करावी, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आहे. त्याचे उत्तर एवढेच की पुनर्रचना हा आमचाही व्यवसाय आहे. जी भाषा कोणी लिहून ठेवली नाही, तिची रूपे आम्ही तिच्या वंशजांवरून ठरवतो आणि अशा रूपापूर्वी तारका लावतो. हा संकेत ऑगस्ट श्लायखर ह्याच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ आहे. तारकेचा अर्थ 'हे रूप कोणी पाहिलेले नाही' असा होतो. 'हे रूप खोटे आहे' असा तिचा अर्थ नाही. पण तारका पुसून तेच रूप छापले तर मात्र ते एका प्रकारचे खोटेच होते. खुद्द श्लायखरने १८६८ मध्ये मूळ इंडो-युरोपीय भाषेत एक बोधकथा रचून दाखविली. त्याच्यानंतरच्या विद्वानांनी तीच कथा पुनःपुन्हा नव्या रूपांत लिहिली, आणि प्रत्येक नवी प्रत जुनीहून इतकी वेगळी निघाली की पुनर्रचित भाषेत गोष्टी सांगण्याची हौस पुढे पुष्कळांची फिटली.

प्रथम शब्दाविषयी. 'पुनर्रचना' हा आपल्याकडे राज्यशास्त्रातून घट्ट झालेला शब्द आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना म्हणजे जे प्रत्यक्ष अस्तित्वात होते त्याची नवी मांडणी. तापमानाच्या पुनर्रचनेत मांडण्यासाठी हाताशी काहीच नसते. जे नाहीसे झाले त्याचे त्याच्या परिणामांवरून अनुमान करावयाचे असते. विद्यार्थ्याच्या मनात पहिला अर्थ इतका पक्का असतो की दुसरा त्याच्या आड दडतो. 'वलय' ह्या शब्दाला मराठीत तेजाचीही छटा चिकटलेली आहे, पण तिने फारसे नुकसान होत नाही. खरा घोटाळा करणारा शब्द आहे 'नोंद'. झाडाने तापमानाची नोंद ठेवली आहे, हे वाक्य आता पाठ्यपुस्तकी होऊन बसले आहे. नोंद ठेवणारा काय टिपावे आणि काय गाळावे हे जाणून टिपतो. झाड फक्त वाढते.

त्याचे वाढणे कसे असते हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या बाजूस बागांचा जो संहार केला तो सर्वश्रुत आहे. खेड तालुक्याच्या वाट्यालाही त्याचा काही भाग आला. त्यात पडलेला एक साग नंतर कापला गेला, तेव्हा त्याच्या बुंध्याची एक चकती मी मागून घेतली आणि रंध्याने व पुढे पॉलिशकागदाने गुळगुळीत करून वर्गात ठेवली. दोन विद्यार्थ्यांनी गाभ्यापासून सालीपर्यंत वलये मोजली. दोघेही काळजीपूर्वक काम करणारे, तरी त्यांच्या संख्यांत तीनाचा फरक पडला. पुन्हा मोजताना पहिल्याने आपली संख्या बदलली, दुसऱ्याने बदलली नाही, आणि फरक दोनावर आला.

हा फरक विद्यार्थ्यांच्या नजरेचा नव्हे, सागाच्या स्वभावाचा आहे. कोकणातला साग उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकतो व पावसाच्या सुमारास पुन्हा पालवतो. त्या वेळी साल आणि लाकूड यांमधील जिवंत थर नव्याने काम सुरू करतो आणि प्रथम मोठ्या तोंडाच्या वाहिन्यांचे लाकूड घालतो. पुढे वाहिन्या बारीक होत जातात आणि हिवाळ्यात काम थांबते. मोठ्या छिद्रांची ही कड नुसत्या डोळ्यांनाही दिसते. उष्ण कटिबंधातील फारच थोड्या वृक्षांत वार्षिक वलये इतकी स्पष्ट असतात. आंब्याफणसाच्या लाकडात ती शोधू जाणाऱ्याची निराशा होते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत के. ए. चौधरी यांनी १९३९-४० च्या सुमारास भारतीय वृक्षांच्या वाढवलयांचा जो अभ्यास केला, तो ह्या विषयाचा आपल्याकडील पाया म्हणावा लागेल. परंतु साग फसवतोही. पावसाने मध्येच दीर्घ दडी मारली आणि पुन्हा जोर धरला, तर एकाच वर्षात दोन कडा उमटतात. उलट एखाद्या वाईट वर्षी बुंध्याच्या एका बाजूस वलय जवळजवळ पडतच नाही. म्हणून एका झाडाची वलये मोजणे म्हणजे कालनिर्णय नव्हे.

कालनिर्णय होतो तो अनेक झाडे एकमेकांशी ताडून. ही युक्ती शास्त्राच्या पदवीस नेली ती अमेरिकेतील ॲरिझोनामधील अँड्र्यू एलिकॉट डग्लस ह्या ज्योतिर्विदाने. सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे आवर्तन पृथ्वीच्या हवामानात व तेथून झाडांच्या वाढीत उतरते का, हे त्याला विसाव्या शतकाच्या आरंभी पाहावयाचे होते. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला हवे तसे मिळाले नाही. मिळाले ते असे, की एका प्रदेशातील झाडांत रुंद व अरुंद वलयांचा क्रम सारखाच असतो. एखाद्या झाडात एक वलय हरवले असेल तर शेजारच्या वीस झाडांवरून ते कोठे हरवले हे सांगता येते. जिवंत झाडांच्या क्रमाला जुन्या घरांच्या तुळयांचा क्रम जोडीत तो मागे गेला, आणि १९२९ मध्ये सापडलेल्या एका जळक्या तुळईने मधला खंड भरून निघाला. त्यायोगे नैऋत्य अमेरिकेतील आदिवासींच्या ओसाड वस्त्यांना वर्षवार तारखा मिळाल्या. प्रतींचा पाठभेद ताडून मूळ पाठ ठरविणाऱ्या संशोधकाला ही रीत अगदी घरची वाटेल. एका लेखनिकाने ओळ गाळली, तर दुसऱ्या प्रतीत ती सापडते.

इथपर्यंत वलयशास्त्राची भूमी पक्की आहे आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते: वलयाचे वर्ष कळले, पण त्याची रुंदी कशाची? ह्याला शास्त्राने दिलेले उत्तर सोपे आहे. झाडाच्या वाढीला ज्या गोष्टीची सर्वांत अधिक चणचण असते, तिचा हिशेब रुंदीत उतरतो. सायबेरियाच्या उत्तर टोकाशी किंवा आल्प्समधील वृक्षरेषेच्या लगत पाणी मुबलक असते, उन्हाळ्याची ऊब अपुरी असते. तेथील वलय, आणि विशेषतः वलयाच्या उत्तरार्धातील लाकडाची घनता, उन्हाळ्याच्या तापमानाबरोबर वरखाली होते. खेडच्या सागाला उष्णतेची चणचण कधीच नसते. येथे वर्षातील सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत उत्तरेकडील प्रदेशांच्या मानाने नाव घेण्याजोगा फरक नाही. पाऊस म्हणाल तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. त्यात पाचशे कमी झाले तरी झाडाला पत्ता लागू नये. महत्त्व असेल तर ते पाऊस केव्हा सुरू झाला, मध्ये किती खंड पडला आणि परतीच्या पावसानंतर जमिनीत ओल किती दिवस टिकली ह्यांना. सह्याद्रीच्या उतारावरील झाडाला तापमान विचारणे म्हणजे ज्याला जे ठाऊकच नाही ते त्याच्याकडून वदवून घेणे आहे.

आपल्याकडील संशोधकांनी ही मर्यादा पहिल्यापासून ओळखली, ही समाधानाची गोष्ट होय. पुण्याची उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. तेथील गोविंद बल्लभ पंत व एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे प्रदेशातील सागाच्या वलयांचा आणि तेथील हवामानाचा संबंध तपासणारा निबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याही पूर्वी, १९३१ मध्ये, बर्लागे ह्या डच हवामानशास्त्रज्ञाने जावामधील सागाची १५१४ पासून १९२९ पर्यंतची वलयमालिका पावसाशी ताडून पाहिली होती. पुढे बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका सिद्ध केली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केली. ह्या निबंधाच्या शीर्षकातच त्याचा दावा आहे: एल निनो आणि मान्सूनच्या अवर्षणाच्या खुणा. तापमानाचे नाव त्यात नाही. पाचशे वर्षांची मालिका हाती असता जगाच्या तापमानाविषयी एखादे विधान करण्याचा मोह किती मोठा असेल याची कल्पना यावी. तो मोह आवरला गेला ह्यात, माझ्या मते, त्या कामाची प्रतिष्ठा आहे.

मग तापमानाची पुनर्रचना कोठून येते? ती येते उत्तरेकडून आणि उंचावरून, आणि तिची रीत समजून घेतल्याखेरीज तिच्यावर टीका करणे अनुचित ठरेल. वृक्ष कोवळा असताना वलये रुंद, वय वाढेल तशी अरुंद. हा वयाचा उतार गणिताने काढून टाकावा लागतो. नंतर ज्या काळाचे तापमापकाचे आकडे उपलब्ध आहेत, त्या काळातील वलये व तापमान यांचे नाते समाश्रयणाच्या सूत्राने बसवतात. परंतु सगळा काळ सूत्र बसविण्यात खर्च करीत नाहीत. त्याचा एक भाग बाजूस ठेवून, सूत्र त्या न पाहिलेल्या वर्षांचे तापमान बरोबर सांगते का, हे पडताळतात. सांगत असेल तरच ते सूत्र घेऊन मागे, तापमापक नसलेल्या शतकांत जावयाचे.

हा पडताळा आम्हा भाषाभ्यासकांना हेवा वाटण्याजोगा आहे. सोस्यूरने एकविसाव्या वर्षी, १८७८ मध्ये, मूळ इंडो-युरोपीय भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे पुढे कोणत्याच ज्ञात भाषेत उरले नाहीत, असा तर्क केला. केवळ स्वरांच्या वर्तनावरून केलेला हा तर्क पुष्कळांना गणिती कसरत वाटला. पुढे हित्ती भाषा उलगडली, आणि सोस्यूरने ज्या जागा दाखविल्या होत्या त्यांतील कित्येक जागी हित्तीत एक व्यंजन प्रत्यक्ष उभे असल्याचे १९२७ मध्ये कुरिलोविचने दाखवून दिले. सोस्यूर तोपर्यंत हयात नव्हता. आमच्या शास्त्रात असा पडताळा शतकात एखादा. वलयशास्त्राला मात्र आपले हित्ती वरचेवर भेटतात. पेरूतील वायनापुतिना ज्वालामुखी १६०० मध्ये फुटला हे स्वतंत्र पुराव्याने ज्ञात आहे, आणि उत्तरेकडील झाडांच्या घनतेवरून १६०१ चा उन्हाळा सहा शतकांतील सर्वांत थंड असावा असे कीथ ब्रिफा व सहकाऱ्यांना १९९८ मध्ये आढळले. उद्रेकाने सूर्य झाकोळला आणि झाडांना थंडी वाजली. दोन साक्षी एकमेकांना न भेटता जुळल्या.

ह्याच ब्रिफांनी त्याच वर्षी आपल्या शास्त्राला न आवडणारी गोष्टही प्रसिद्ध केली. उत्तरेकडील अनेक ठिकाणी साधारण १९६० नंतर तापमापकाचा आलेख वर जातो, पण लाकडाची घनता त्याच्या मागे जात नाही. कारणे अनेक सुचविली गेली: पाण्याची नवी चणचण, सूर्यप्रकाशातील घट, गणिताच्या पद्धतीचा दोष. एकाही कारणाने सर्व ठिकाणांचा उलगडा होत नाही, आणि सर्वच ठिकाणी ही फारकत दिसते असेही नाही. पण प्रश्न मुळावर येतो. ज्या काळात पडताळा घेता येतो त्याच काळातील काही वर्षांत नाते ढिले होत असेल, तर ज्या काळात तो घेताच येत नाही त्या काळाविषयी किती निर्धास्त असावे? ध्वनिनियम लिखित काळातच अडखळला, तर अलिखित काळात तो निर्वेध चालला असे आम्ही मानीत नाही.

ह्या फारकतीची वासलात कशी लावू नये ह्याचे एक उदाहरण मुद्दाम नोंदवले पाहिजे. जागतिक हवामान संघटनेच्या १९९९ च्या एका निवेदनाच्या मुखपृष्ठावरील आलेखात वलयमालिकेचा १९६० नंतरचा उतरता भाग वगळला गेला, पुढे तापमापकाचे आकडे जोडले गेले आणि रेषा एकसंध दिसली. २००९ मध्ये पत्रव्यवहार बाहेर आल्यावर फार गदारोळ झाला. २०१० च्या चौकशी समितीला संशोधकांचा अप्रामाणिकपणा आढळला नाही. पण जे केले ते आलेखाशेजारी लिहिले नाही, म्हणून तो आलेख दिशाभूल करणारा होता, असा निष्कर्ष तिने दिला. जोडणे हा दोष नव्हता, जोड न दाखविणे हा होता. आमच्या परिभाषेत बोलायचे तर, एक तारका पुसली गेली.

मायकेल मान, रेमंड ब्रॅडली व माल्कम ह्यूज यांचे १९९८ व १९९९ चे दोन निबंध ह्या क्षेत्रात सर्वांत गाजले. पहिला इ. स. १४०० पर्यंत, दुसरा इ. स. १००० पर्यंत मागे जातो. दोन्ही उत्तर गोलार्धापुरते. त्यांच्या आलेखातील मधली रेषा जगभर छापली गेली. रेषेभोवती, मागे जाल तसा रुंदावत जाणारा करड्या रंगाचा एक पट्टा होता, तो अनिश्चिततेचा. दुसऱ्या निबंधाच्या शीर्षकातही अनिश्चितता आणि मर्यादा हे शब्द आहेत. लोकप्रिय लिखाणात मात्र पट्टा नाहीसा झाला. ह्या निबंधांच्या गणितावर २००३ पासून जी टीका झाली तिचा काही भाग योग्य होता, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या अहवालावरून दिसते. तो अहवाल मी विद्यार्थ्यांना गद्यलेखनाचा नमुना म्हणून सुचवीन. विसाव्या शतकाच्या अखेरची दशके मागील चारशे वर्षांतील तुलनीय काळापेक्षा उष्ण आहेत, ह्याविषयी उच्च प्रतीचा विश्वास. ९०० ते १६०० ह्या काळाविषयी कमी विश्वास. ९०० पूर्वीविषयी अत्यल्प. एकाच विधानात खात्रीच्या तीन श्रेणी, आणि प्रत्येकीला तिचा काळ.

पुनर्रचनेत आणखी एक दोष स्वभावतः असतो, तो उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी 'हात', गुजराती व हिंदी 'हाथ', पंजाबी 'हत्थ' ह्या चारांवरून आपण 'हत्थ' असे जुने रूप निश्चितपणे काढू शकू, आणि प्राकृतात ते आहेही. परंतु केवळ ह्या चार भाषा हाती असतील, तर 'हस्त' मधील 'स्त' पर्यंत आपण कधीच पोचणार नाही. तो चौघींनीही सारखाच गमावला. जे सर्व साक्षीदारांनी गमावले ते पुनर्रचनेत येत नाही, म्हणून पुनर्रचित भाषा खऱ्याहून सपाट असते. समाश्रयणाने काढलेले तापमानही तसेच सपाट निघते. त्याचे चढउतार खऱ्याहून कमी भासतात, असे २००४ मध्ये हान्स फोन स्टोर्ख व सहकाऱ्यांनी दाखविले. सरळ दांड्याच्या रेषेकडे बोट दाखवून मध्ययुगात काही घडलेच नाही असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ह्या सर्व टीकेचा अर्थ पुनर्रचना त्याज्य आहे असा कोणी काढील तर तो 'असावे' ह्या रूपाचा दुसऱ्या बाजूने केलेला विपर्यास होईल. 'असावे' चे 'होते' करणारे जसे आहेत, तसे 'असावे' चे 'कोण जाणे' करणारेही आहेत, आणि त्यांच्या हेतूंविषयी शंका घ्यावी असा अनुभव आहे. २००६ नंतर साधने वाढली, पद्धती बदलल्या. प्रवाळ, बर्फाचे स्तंभ, सरोवरांतील गाळ ह्यांची साक्ष वलयांच्या शेजारी मांडली गेली. २०१९ मध्ये राफाएल न्यूकॉम व सहकाऱ्यांनी दाखविले की मागील दोन हजार वर्षांतील जुने उष्ण व शीत कालखंड जगात सर्वत्र एकाच वेळी आलेले दिसत नाहीत. विसाव्या शतकातील तापमानवाढ मात्र पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागावर त्या दोन हजार वर्षांतील सर्वाधिक उष्णतेची आहे. हा निष्कर्ष एका झाडावर, एका देशावर किंवा एका सूत्रावर उभा नाही. तारका लावूनही तो भक्कम राहतो.

आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या प्रकरणाकडे येतो. २०२४ मध्ये यान एस्पर, मॅक्स टॉर्बेन्सन व उल्फ ब्युंटगेन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. २०२३ चा उन्हाळा गेल्या दोन हजार वर्षांतील सर्वांत उष्ण असावा, आणि १८५० ते १९०० च्या सरासरीहून तो २.०७ अंश सेल्सिअसने अधिक होता, असे त्यात प्रतिपादन आहे. निबंध सावधपणे लिहिलेला आहे. त्याचे मराठीत जे कथन होते ते 'पृथ्वीवरील दोन हजार वर्षांतील सर्वांत उष्ण वर्ष झाडांनी सांगितले' अशा धर्तीचे. ह्या वाक्यातील एकेक शब्द तपासावा. निबंध 'पृथ्वी' विषयी नाही. तो उत्तर गोलार्धात ३० अंश अक्षांशाच्या वर असलेल्या जमिनीविषयी आहे. खेड १८ अंशांच्याही खाली आहे; संपूर्ण महाराष्ट्र त्या क्षेत्राबाहेर आहे. निबंध 'वर्षा'विषयी नाही. तो जून ते ऑगस्ट ह्या त्यांच्या उन्हाळ्याविषयी आहे, जो आपला पावसाळा. आणि २०२३ चा आकडा 'झाडांनी' सांगितलेला नाही; तो तापमापकांचा आहे. झाडांनी सांगितले ते मागील शतकांचे. म्हणजे तुलनेची एक बाजू 'होते' ची व दुसरी 'असावे' ची, आणि निबंधकारांनी ती तशीच ठेवली आहे. अनुवादात एका वाक्यात तीन मर्यादा गळाल्या, आणि निष्कर्ष मूळचा तितका सबळ असताना गळाल्या. सबळ निष्कर्षाला अशी भर घालणे म्हणजे त्याला दुबळे करणे होय. कारण उद्या कोणी विचारले की कोकणातील कोणत्या झाडाने हे सांगितले, तर उत्तर नाही.

प्रदेश बदलला की उत्तर बदलते, ह्याचे आपल्याच देशातील उदाहरण आहे. राम रतन यादव व सहकाऱ्यांनी पश्चिम हिमालयातील वृक्षांवरून मार्च ते मे ह्या महिन्यांचे तापमान काढले, तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथे वाढीऐवजी घट दिसली. २००४ च्या त्यांच्या निबंधाचे शीर्षक प्रश्नार्थक आहे: पश्चिम हिमालय जागतिक तापमानवाढीला जुमानीत नाही काय? त्यांनी शोधलेले कारण स्थानिक होते, रात्रीच्या किमान तापमानातील घट. आणि तिचा संबंध त्यांनी जंगलतोड व जमिनीच्या ऱ्हासाशी जोडला. ह्या निबंधाचा दाखला देऊन तापमानवाढच नाही असे म्हणणारे, आणि तो गैरसोयीचा म्हणून न उल्लेखणारे, दोघेही एका खोऱ्याच्या तीन महिन्यांना 'जग' आणि 'वर्ष' समजतात.

तेव्हा कोकणात ह्या शास्त्राला काही काम नाही काय? तापमानाचे नाही; पावसाचे आणि ओलाव्याचे आहे. १८७७, १८९९, १९१८ व १९७२ ही अवर्षणाची वर्षे पर्जन्यमापकांवरून ठाऊक आहेत. देशावर त्यांनी जो हाहाकार केला तो कोकणच्या सागात कितपत उतरला, हे पाहिले तर आपल्या सागाला काय ठाऊक असते हे तरी कळेल. परंतु त्यासाठी जुना साग हवा. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक वन खासगी मालकीचे आहे आणि तेथील झाड म्हातारे होईपर्यंत क्वचितच उभे राहते. देवरायांत जुनी झाडे आहेत, पण तेथे पोकळ गिरमिट लावून पेन्सिलीएवढी कांडी काढण्याचीही परवानगी मागणे प्रशस्त नव्हे.

जुना साग उरला आहे तो घरांत. डग्लसला तुळयांनी जे दिले ते खेड-चिपळूणच्या चौसोपी घरांच्या खांब-तुळयांनी आपल्याला द्यावे, ही कल्पना मोहक आहे, आणि घाईचीही आहे, कारण कौलारू घर उतरवून स्लॅबचे बांधताना जुने लाकूड वखारीत विकले जाते व तेथे ते फळ्या होऊन जाते. परंतु तेथेही आमच्या शास्त्रातील एक जुनी अडचण आडवी येते. कुळातील शब्द ताडण्यापूर्वी उसने शब्द बाजूला काढावे लागतात. पोर्तुगिजांकडून आलेली 'चावी' मूळ मराठीच्या पुनर्रचनेत घेतली तर सगळा हिशेब बिघडेल. घरातील साग स्थानिक आहे, की मलबारचा, की ब्रह्मदेशातून मुंबईमार्गे आलेला? लाकडाचे असे येणेजाणे नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारे लाकूड स्वराज्यातील अरण्यांतून परवानगीने न्यावे, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, आणि रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, अशी आज्ञा आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीही किनाऱ्यावरील लाकूड कोठले हे गृहीत धरता येत नव्हते. वलयांचा क्रम ठाणे किंवा केरळच्या मालिकेशी जुळवून हे उसनेपण ओळखता येईल. पण त्यासाठी प्रथम येथील मालिका हवी, आणि येथील मालिकेसाठी येथील लाकूड.

गेल्या वर्षी उतरविलेल्या एका घराची तुळई मी आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी वखारवाल्याच्या परवानगीने पाहिली. करवतलेल्या तोंडावर वलये स्वच्छ होती, बहुतेक अरुंद, मध्ये चार-पाच रुंद. परंतु सुताराने ती चौरस करताना चारही बाजूंचे बाहेरचे पांढरे लाकूड तासून टाकले होते, कारण वाळवी त्यालाच प्रथम लागते. सालीलगतची शेवटची वलये त्याबरोबर गेली. किती गेली हे सांगता येत नाही. तेव्हा ही तुळई उद्या एखाद्या मालिकेशी जुळली, तरी झाड अमुक वर्षी तोडले असे तिच्याविषयी लिहिता येणार नाही. अमुक वर्षानंतर केव्हा तरी तोडले असावे, एवढेच लिहिता येईल. चकती कापून घेतली आहे आणि विभागाच्या कपाटात ठेवली आहे.